लोगो नेहमी डाव्या बाजूस

अर्धा लिटर निळा रंग उरला होता आणि तो वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. आता यात वाईट काय, तुम्हीच सांगा. व्यापारी माणूस आहे मी. मालाच्या खोक्यावरची सुतळीसुद्धा गुंडाळून खिळ्याला अडकवतो. पण त्या अर्ध्या लिटरापायी घोडेगावच्या भर बाजारात माझ्यावर जी वेळ आली, ती वैऱ्यावरही येऊ नये. (वैरी तसा मला कुणी नाही. धंद्यात वैरी परवडत नाही.)

माझं दुकान घोडेगावात, हमरस्त्याला लागून. 'भागिरथी मशिनरी स्टोअर्स'. भागिरथी ही माझी आई. मी कारभारी. शिक्षण चौथी, पुढचं सगळं गल्ल्यामागे बसून झालं. इंग्रजी मी मोटारींवरच्या पत्र्याच्या पट्ट्या वाचून शिकलो, त्यामुळे एचपी, आरपीएम आणि 'मेड इन' एवढं मला फाडफाड येतं. अठरा वर्षं मी वायसर, फूटव्हॉल्व्ह, पट्टे आणि ग्रीस विकत आलो. धंदा चांगला होता. सल एकच होता. लोक पंप घ्यायला नगरला जायचे, पेढे वाटत घरी आणायचे, आणि तो बंद पडला की तोंड पाडून वायसर न्यायला माझ्याकडे यायचे. म्हणजे लग्न दुसऱ्याच्या मांडवात आणि भांडण माझ्या दारात.

एकदा खर्ड्याचा एक पाहुणा बाजारात म्हशी बघायला आला होता. मी दुकानात बसलेलो, मांडीवर उघडलेला पंप, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. त्याने दारातून डोकावून मला विचारलं, "शेठ, हितं पंपाचं दुकान कुठं हाय वो?"

त्या दिवशी मी पाण्याचा तांब्या खाली ठेवून निश्चय केला. एजन्सी घ्यायची.

पुण्याच्या 'ओघ पंप्स' कंपनीला अर्ज केला. हे शहाण्णव सालचं. महिन्याभराने उत्तर आलं. उत्तर कसलं, पार्सलच. निळा, केशरी आणि पांढरा असे रंगाचे तीन डबे, एक पत्र आणि एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका. पत्रात लिहिलं होतं की नेवासे तालुक्याच्या एजन्सीसाठी आपला विचार चालू आहे. कंपनीचा लोगो आपल्या जागेच्या दर्शनी भिंतीवर पुस्तिकेप्रमाणे काढावा. आमच्या महिला अधिकारी येऊन पाहतील. बरोबर असेल तर एजन्सीचा कागद त्याच दिवशी हातात. नसेल तर यादीतला पुढचा अर्ज.

पुढचा अर्ज कुणाचा होता ते मला ठाऊक नव्हतं. पण मी गावात सगळ्यांना सांगून बसलो होतो. न्हाव्याला सांगितलं होतं, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच.

पुस्तिकेचं नाव 'बोधचिन्ह वापर मार्गदर्शिका'. बोधचिन्ह म्हणजे लोगो. चोवीस पानं, आणि चोवीस पानांत पंपाविषयी एक अक्षर नाही! केशरी कड्यात निळा थेंब आणि थेंबाखाली 'ओघ' ही दोन अक्षरं, एवढ्याशा चित्राचे नियम मात्र असे की आमच्याकडे लग्नालाही एवढे नसतात. निळा हाच हवा, डब्यातलाच हवा. त्यात टर्पेंटाइन जास्त नको. थेंब कलता नको. कडं लांबट नको. लोगोच्या चारही बाजूंना एका थेंबाच्या उंचीइतकी जागा मोकळी सोडायची. त्या जागेत दुसरं चित्र नको, अक्षर नको, वस्तू नको.

मी पुस्तिका तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मला त्यातलं सगळं कळलं असं वाटायला लागलं. माणसाने अशा वेळी सावध व्हावं, पण मी खूश झालो.

दर्शनी भिंत म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची भिंत. दुकान एका टोकाला, घर त्याला लागून, आणि घराची ही लांबलचक भिंत थेट हमरस्त्याकडे तोंड करून. फक्त घर माझ्या नावावर नाही. ते जयमालाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या नावावर आहे. वीट-सिमेंट तिच्या म्हशींच्या दुधावर आलं, म्हणून माझ्या आईनेच ते तिच्या नावावर करायला लावलं. त्यामुळे कंपनीला लागणाऱ्या 'भिंतीच्या मालकाची संमती' या कागदावर सही तिची हवी होती. आणि त्याच भिंतीच्या सावलीत तिची मथुरा बांधलेली असायची.

मथुरा म्हणजे म्हैस. जयमाला मला 'अवो' म्हणते आणि मथुरेला नावाने हाक मारते, यावरून घरातल्या मानाचा अंदाज करा.

भिंत रंगवायला मी सम्राटला बोलावलं. सम्राट आर्ट्सचा सम्राट. आमच्या भागात शाळा, सोसायट्या, ट्रकचे नंबर, निळ्या कमानी, सगळ्यांवर याचा हात फिरलेला. अक्षर असं काढतो की गाड्या थांबून वाचतात. त्याने पुस्तिका एकदाच वाचली, दोरीने भिंत मापली आणि म्हणाला, "शेठ, थेंब पाच फुटी धरला तर चारी अंगानं पाच-पाच फूट मोकळं पायजे. वैनींची कपड्याची दोरी आत येती. आन् म्हैस बी."

"म्हैस हलवू."

"वैनींना इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात!" मी म्हणालो. (हळू आवाजात. ती मागच्या दारात शेंगा फोडत होती.)

तिने ऐकलंच.

"अवो, सहा वरसं झाली मथुरा त्या भितीला बांधती मी. तुमच्या थेंबाला सावली लागती व्हय?"

"सावली न्हाई, मोकळी जागा लागती. पुस्तकात हाय."

"मथुरा दिसाला नऊ लिटर देती. तुमचं पुस्तक किती देतं?"

मी पान सहा काढून दाखवलं. ती सातवीपर्यंत शिकलीय, माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. वाचून पुस्तिका परत दिली आणि म्हणाली, "बरं. चार दिस लिंबाखाली बांधते. पन मथुरेला काई झालं ना, तर सही करनार न्हाई. तुमची ती पुन्याची बाई समूर बसली असली तरी न्हाई. सांगून ठिवते."

"म्हशीला काय हुतंय," मी हसून म्हणालो.

लिंब म्हणजे आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, जिथून जनावरांच्या बाजाराचं मैदान सुरू होतं. तिथे खुंटा ठोकला.

सम्राटने दोन दिवसांत भिंत रंगवून काढली. काय काढलं होतं! पांढऱ्या भिंतीवर केशरी कडं, कड्यात निळाशार थेंब. एसटीतली माणसं खिडकीतून वळून बघायला लागली. मी पुण्याला फोन करून अधिकाऱ्यांना मुद्दाम शुक्रवारी दुपारी चारला बोलावलं. शुक्रवार आमच्या बाजाराचा दिवस. ट्रकांच्या रांगा, शेकडो म्हशी, पाच तालुक्यांतली माणसं. म्हटलं, गिऱ्हाईक कसं असतं ते पुण्याच्या माणसाला जरा दिसू दे.

आणि शुक्रवारी सकाळी डबे आवरताना तो अर्धा लिटर निळा रंग दिसला. तळाला केशरी होता, पांढराही होता.

मी दारात उभा राहिलो. समोर बाजार फुलत होता. माझी भिंत छानच होती, पण ती जागची हलणार नव्हती. आणि गर्दी होती मैदानात. तिथे, गर्दीच्या तोंडाशी, लिंबाखाली मथुरा उभी होती. काळीभोर, रुंद, रिकामी. अशी रिकामी पाटी डोळ्यासमोर असताना ज्याला काही सुचत नाही, त्याने धंदा करू नये.

सम्राट चहाला आला होता. त्याला बेत सांगितला.

"म्हशीवर?" त्याने कप खाली ठेवला. "शेठ, मी भित रंगवतो, पाटी रंगवतो, उसाच्या ट्रॅक्टरवर सिंह काढतो. म्हशीवर न्हाई काढायचो. पुस्तकात बसत न्हाई."

"म्हशीवर काढू नये असं कुठं हाय, दाव."

त्याने पानं चाळली. "हे बघा. खडबडीत जागंवर काढू नये."

"मथुरेला हात लावून बघ. जयमाला तिला तेल लावती. आरशावानी हाय."

"गडद रंगावर काढू नये."

"आधी पांढरा चौकोन मारावा आन् मग काढावा. पान अकरा."

"हालत्या वस्तूवर..."

"वाहनावर चालतो! पान चौदा. 'लोगो नेहमी डाव्या बाजूस.' म्हैस काय ट्रकापेक्षा जास्त पळती?"

सम्राटने पुठ्ठ्यातून कापलेला लोगोचा लहान साचा माझ्यापुढे ठेवला. "मग तुमीच काढा," तो म्हणाला. "मी माझं नाव खाली लिवनार न्हाई."

जयमाला पुण्याच्या बाईंसाठी पुरणपोळ्यांचा घाट घालून चुलीपुढे बसली होती, उठायला मोकळी नव्हती. मी डबे, ब्रश आणि मेजरटेप घेऊन लिंबाखाली गेलो. मथुरेच्या डाव्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वर, आधी पांढरा चौकोन. मग कडं. मग नऊ इंची थेंब. खाली 'ओघ'. चारही बाजूंना नऊ-नऊ इंच मोकळी जागा. (म्हशीवर जागेची अडचण येत नाही, हा माझा अनुभव.) मथुरा रवंथ करत उभी राहिली. एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं तिलाही आवडलं.

आता आमच्या बाजाराची एक रीत सांगतो. जनावराचा सौदा झाला की घेणाऱ्याचा माणूस त्याच्या अंगावर रंगाचा एक फटकारा मारतो. रंग लागला म्हणजे विकलं. मग त्या जनावराकडे दुसरं कुणी बघत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याचा रंग ठरलेला आणि जागाही ठरलेली. दुपारी त्याची माणसं येतात, आपापल्या रंगाची जनावरं सोडतात आणि ट्रकात भरतात. कुणी कुणाला विचारत नाही, पावती नंतर फाटकावर तपासतात. आणि सगळ्यांत मोठे व्यापारी आप्पासाहेब, सुरतेच्या गोठ्यांना म्हशी पाठवणारे, त्यांची खूण म्हणजे निळा रंग, डावा पुठ्ठा.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म गेलाय या बाजाराच्या तोंडावर. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरीच रीत भरली होती, ती चोवीस पानी.

दोन वाजता मी घरी जाऊन दाढी केली, नवा सदरा घातला, अत्तराचा फाया लावला. तीनला लिंबाकडे बघतो तर खुंटा होता. दावंही नव्हतं आणि म्हैसही नव्हती.

लिंबाखाली कडूबाई भेळेची पाटी घेऊन बसते. तिला विचारलं, "कडूबाई, म्हैस कुठं गेली?"

"गेली की. आप्पासायबाची मानसं घिऊन गेली."

"आन् तू बघत बसलीस?"

"मग काय करू? इकलेली म्हैस आडवू? तुमीच तर रंग लावला माझ्या डोळ्यांदेखत." ती कांदा चिरत म्हणाली. "मी म्हनलं बी शेजारनीला, कारभारी शेठ एवढं पट्टी लावून रंगवत्यात, म्हंजी गिऱ्हाईक लई मोठं असनार."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चारला पुण्याची बाई. म्हैस नाही तर सही नाही, सही नाही तर एजन्सी नाही. मी धोतर... नाही, त्या दिवशी पॅंट घातली होती, ती वर खोचून पळालो.

आप्पासाहेब फाटकाजवळ बाजेवर बसले होते. मागे त्यांचे ट्रक पावत्या तपासून घ्यायला रांगेत उभे. मी धापा टाकत सांगितलं, "आप्पासाहेब, माझी म्हैस तुमच्या ट्रकात गेलीया."

"खूण काय?"

"निळी. डाव्या पुठ्ठ्यावर."

"मग ती माझी."

"तसं न्हाई. ती खूण न्हाई, ते बोधचिन्ह हाय!" मी खिशातून मार्गदर्शिका काढली. पान सहा वाचून दाखवलं, पान अकरा दाखवलं, पांढऱ्या चौकोनाचं महत्त्व सांगितलं. भोवती पन्नासेक माणसं जमली.

"भवताली नऊ इंच मोकळी जागा सोडायची असती," मी म्हणालो.

"शेठ, ट्रकात बारा म्हशी भरल्यात," मागून कुणीतरी बोललं. "जरा सरकून घ्या म्हनावं का त्यांना?"

सगळे हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. सरळ माणूस. ते म्हणाले, "कारभारी, दुसऱ्याचं जनावर मला नगं. तुझी असंल ती वळख आन् ने."

मी ट्रकावर चढलो. आत बारा म्हशी, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अशा दाटून उभ्या केलेल्या. माझ्यापुढे नुसत्या काळ्या पाठी.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्या घरात बोलू नका. मला मथुरा ओळखू येईना. सहा वर्षं तिचं दूध पीत होतो. तिची साय मी डोळे मिटून ओळखली असती. पण तिच्याकडे नीट पाहिलं होतं ते त्या सकाळी, तेही रंगवण्यापुरता एक चौकोन, आणि तोही जवळून.

पण मी डगमगलो नाही. म्हैस ओळखू येत नसली तरी लोगो मला ओळखता येत होता. एकीच्या पुठ्ठ्यावर निळं, केशरी, पांढरं सगळं एकात एक कालवलेलं होतं, त्या राड्यात लोगो काही दिसेना. पण तिच्या शेजारचीच्या डाव्या पुठ्ठ्यावर, अहाहा! चौकोन, कडं, थेंब, सगळं जागच्या जागी. मी टेप लावला. थेंब नऊ इंच. कडं गोल.

"हीच!"

"नक्की ना?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मापात बसतीय," मी म्हणालो.

चारला पाच कमी असताना मी तिला घेऊन घराकडे निघालो. ती यायला जरा कुरकुरत होती. मला वाटलं, घाबरलीय बिचारी.

दारात कंपनीची जीप उभी होती. अंगणात खुर्चीवर पुण्याच्या अधिकारी, मोनिका मॅडम. तिशीच्या आतबाहेर, गळ्यात कॅमेरा, हातात पुरणपोळीची ताटली. शेजारी संमतीचा कागद आणि पेन घेऊन जयमाला, आणि सम्राट. भिंतीचा फोटो काढून झाला होता.

"या, या," मॅडम म्हणाल्या. "भिंत फारच छान झालीय. मी चार जिल्हे फिरले, पुस्तिकेप्रमाणे मोकळी जागा सोडलेला हा पहिलाच लोगो. संमतीवर सही झाली की..." आणि त्या थांबल्या. "हे काय आहे?"

मला वाटलं, हीच ती घटका. मी म्हशीशेजारी उभा राहिलो, सदरा सारखा केला आणि लोगोवर बोट ठेवलं.

"मॅडम, चालती-फिरती जाहिरात. पान चौदा, डाव्या बाजूस. पान अकरा, खाली पांढरा चौकोन."

मॅडमनी कॅमेरा उचलला आणि फोटो काढला. मी हसरा आलो असणार.

"हा लोगो उलटा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हैस वळवतो."

"म्हैस नका वळवू. अक्षरं उलटी आहेत. आरशात दिसतात तशी."

मी वाकून पाहिलं. खरंच की. मी सगळी मापं घेतली होती, फक्त वाचलं नव्हतं.

पण जयमालाचं अक्षरांकडे लक्ष नव्हतं. ती म्हशीच्या तोंडाकडे बघत होती.

"अवो, ही कोन?"

"कोन म्हंजे? मथुरा."

"ही मथुरा?"

"माप घेतलंय मी."

"मथुरेच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय! तिचं डावं शिंग खाली वळलंय! सहा वरसं दूध पिता तिचं, आन् कुनाची ही उचलून आनलीत?"

सम्राट पुढे आला. त्याने म्हशीच्या पुठ्ठ्यावर बोट टेकवून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, वैनी म्हशीला तेल लावत्यात. तेलावर रंग वाळत न्हाई. ट्रकात दोघी चिकटून उभ्या, तोंडं उलट्या बाजूला, मागं सरकून पुठ्ठ्याला पुठ्ठा लागला. मथुरेवरचा रंग हिच्यावर छापला गेला. म्हनून उलटा उठलाय." आणि वर म्हणाला, "छापा मातूर सुरेख आलाय."

म्हणजे तो रंगांचा राडा, तीच मथुरा. आणि मी तिला, मापात बसत नाही म्हणून, सुरतेला पाठवून आलो होतो.

जयमालाने हातातला पेन कागदावर ठेवला. त्याला टोपण घातलं.

"म्हैस न्हाई, सही न्हाई," ती म्हणाली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "साडेपाचला मला नगरला पोचायचंय. आज सही झाली नाही तर मला पुढचा अर्ज घ्यावा लागेल. तो नगरच्याच एका दुकानाचा आहे."

नगरच्या! म्हणजे लोक पुन्हा पंप तिकडूनच आणणार आणि वायसर माझ्याकडे मागणार. मी तिथेच बसकण मारली. जयमालाने नाही मारली. ती घरात गेली, दुधाची बादली घेऊन आली आणि पदर खोचून थेट बाजाराकडे चालायला लागली. मागे मी, माझ्यामागे ती परकी म्हैस, तिच्यामागे सम्राट आणि शेवटी हातात पुरणपोळी घेऊन मोनिका मॅडम.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रक फाटकातून अर्धा बाहेर पडला होता.

जयमाला ओरडली नाही, कुणाला शिवी दिली नाही, कुठलं पान काढून दाखवलं नाही. तिने ट्रकाशेजारी उभं राहून बादलीची कडी वाजवली. खण्ण, खण्ण. मथुरेच्या धारेची वेळ तीच.

आतून असा हंबरडा आला की ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

"मथुरे!" जयमाला म्हणाली.

मथुरेने इतर दहा जणींना रेटत, लाकडी फळीशी तोंड आणून दुसरा हंबरडा फोडला. लोकांनी फळी काढली. ती खाली उतरली ती थेट जयमालाच्या खांद्यावर मान टाकून उभी. कपाळावर पांढरा ठिपका. डावं शिंग खाली वळलेलं. मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. सडातून दुधाच्या धारा आपोआप गळत होत्या.

आप्पासाहेब बाजेवरून उठले. "न्या वैनी," ते म्हणाले. "यापरीस आनिक पुरावा काय पायजे?" मग आपली म्हैस माझ्या हातातून घेत मला म्हणाले, "कारभारी, आन् तू तो टेप घरी ठिवत जा."

अंगणात परत आल्यावर जयमालाने आधी धार काढली, मग हात धुतले, मग पेनाचं टोपण उघडलं.

मॅडम कागद पुढे सरकवता सरकवता थांबल्या. "ही जागा तुमच्या एकटीच्या नावावर आहे?" त्यांनी जयमालाला विचारलं.

"व्हय. माझ्याच."

"मार्गदर्शिकेचं पान दोन," मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही तर पाठच केलीय. काय आहे पान दोनवर?"

मी सांगितलं. "बोधचिन्ह... डीलरच्या स्वतःच्या मालकीच्या जागेवरच असावं."

"मग डीलर ह्याच व्हायला हव्यात. आणि मला वाटतं ते बरंही आहे. आपला माल ओळखता येणारा डीलर आम्हाला हवाच असतो."

जयमालाने विचार केला. फार नाही केला. "आन् ह्येंचं काय?" तिने माझ्याकडे हनुवटी करून विचारलं.

"त्यांचं काय करायचं ते डीलर ठरवतात," मॅडम म्हणाल्या. "कंपनी त्यात पडत नाही."

तिने दोन सह्या केल्या. एक भिंतीची मालक म्हणून, एक डीलर म्हणून.

मला वाईट वाटलं असं समजू नका. एजन्सी घरात आली, कुठल्या खोलीत आली याला महत्त्व नाही. आणि पंप खपायला लागले हो! म्हशीला लोगो लावणारं दुकान कुठलं, असं विचारत बेलापूरकडची माणसंसुद्धा यायला लागली. आता कुणी दारातून डोकावून 'पंप हाय का' म्हणालं की मी छाती काढून सांगतो, "हाय की! बसा. मालकिनीला इचारून भाव सांगतो."

पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने डीलर लोकांची सभा पुण्यात भरवली. हॉटेलात, गालिच्यावर. जयमाला डीलर म्हणून पुढच्या रांगेत, छातीला फूल लावून. मी 'सोबत आलेले' म्हणून शेवटच्या रांगेत. तिथे माझ्याशेजारी बारामतीकडचे एक गृहस्थ बसले होते, तेही कुणासोबत तरी आलेले.

दिवे मालवले. मोनिका मॅडमनी पडद्यावर मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती दाखवायला घेतली. यंदा पंचविसावं पान वाढवलं होतं. त्यावर एकच ओळ: 'बोधचिन्ह कोणत्याही जिवंत प्राण्यावर काढू नये.'

बारामतीकर खो खो हसायला लागले. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "अवो, असलं येड्यावानी कोन करत आसंल?"

"असतात एकेक," मी म्हणालो आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसलो.

खटकन पुढचं चित्र आलं. अख्खा पडदा भरून मी होतो. नवा सदरा, हसरा चेहरा, पुठ्ठ्यावर बोट. सगळं सभागृह हसायला लागलं. पुढच्या रांगेतलं फूल सगळ्यांत जास्त हलत होतं.

बारामतीकरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चांगला माणूस. मला बरं वाटावं म्हणून जरा वेळाने हळूच म्हणाले, "म्हैस मातूर जातिवंत हाय हां. घरचीच का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ती बी चुकून दुसऱ्याचीच आनली हुती."